गाडीचा भाव एकदाच, रस्त्याचा रोज

रावेत, पुनावळे, वाकड, किवळे. पुण्याच्या या टोकाला घर घेतलं की मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जवळजवळ अंगणात येतो. घराचे भाव पुण्याचे आणि पगार नवी मुंबईचा, असं गणित जमवलेली बरीच कुटुंबं इथे राहतात. किवळे ते कळंबोली हा 94.5 किलोमीटरचा रस्ता त्यांच्यासाठी सहलीचा नाही, कामाचा आहे. आणि त्यांच्यातल्या पुष्कळांची गाडी शोरूममधून आलेली नसते.

खालचा संवाद अशाच एका घरातला. भाची तळोज्याच्या औषध कंपनीत नोकरीला. आठवड्यातून तीन दिवस प्रत्यक्ष हजेरी, बाकीचे दिवस घरून काम. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. कामाच्या वेळा रेल्वेच्या वेळापत्रकात बसत नाहीत. हाताशी पाच लाख रुपये, कर्ज काढायचं नाही. मामा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त. उमेदीची सगळी वर्षं गाडीखाली गेलेली. गाडी जुनीच घ्यायची यावर दोघांचं एकमत आहे. जुनी म्हणजे कशी, यावर अजिबात नाही.

मामा: एवढा काथ्याकूट कशाला? डिझेल घे. 2018-19 ची डिझायर बघ, नाहीतर फोर्डची अस्पायर. घाटात पाय दिला की चढते. विषय संपला.

भाची: मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बनवणंच सोडलं. फोर्डने 2021 मध्ये भारतातले कारखाने बंद करायचं जाहीर केलं. तुम्ही सुचवलेल्या दोन्ही गाड्यांना मागे वारस नाही.

मामा: म्हणून तर आपल्या हाताला लागतात. नवी घेणाऱ्याने भविष्य बघावं, जुनी घेणाऱ्याने सुटे भाग बघावेत. डिझायरचं ते 1.3 चं इंजिन मूळचं फियाटचं. स्विफ्टमध्ये तेच, अर्टिगात तेच, ब्रेझात तेच, टाटाच्या व्हिस्टातही तेच. क्लच प्लेटपासून इंजेक्टरपर्यंत काहीही तालुक्याच्या गावाला मिळतं, आणि ते इंजिन डोळे मिटून खोलणारा मेकॅनिकही मिळतो. अस्पायरचं इंजिन जास्त दमदार, पण तिचे भाग कुठे मिळतात याची आधी चौकशी करायची, एवढंच.

भाची: मी 2021 ची पेट्रोल बघतेय. एकाच मालकाची, 32 हजार किलोमीटर झालेली. तुमची डिझेल नव्वद हजार झालेली असणार. तेवढ्याच पैशात मला दोन-तीन वर्षांनी लहान गाडी मिळते.

मामा: ते 32 हजार कुठे झाले, विचारलंस? हिंजवडीच्या सिग्नलला फर्स्ट-सेकंड करत झालेले 32 हजार आणि महामार्गावर टॉप गिअरमध्ये झालेले नव्वद हजार, यातले दुसरे इंजिनाला हलके गेलेले असतात. शहरात क्लच झिजतो, ब्रेक झिजतात, इंजिन धड तापायच्या आत बंद होतं. महामार्गावर ते एका तापमानाला, एका लयीत चालतं. किलोमीटर किती यापेक्षा ते कसे झाले, ते बघ.

भाची: आणि तो आकडा खरा कशावरून?

मामा: त्यावर येऊ. आधी हिशेब मांड. त्यात तू माझ्या पुढे आहेस.

भाचीने लॅपटॉप उघडला आणि पुढची दहा मिनिटं मामा ऐकत राहिले.

भाची: आठवड्याला तीन दिवस, वर्षाचे 48 आठवडे, 28,800 किलोमीटर. एसी आणि घाट धरून छोटी पेट्रोल गाडी लिटरला 17 देईल, डिझेल 22, सीएनजी किलोला 26. पेट्रोल 104 रुपये, डिझेल 91, सीएनजी 92 असे धरू. मग वर्षाला पेट्रोलचे 1 लाख 76 हजार, डिझेलचे 1 लाख 19 हजार, सीएनजीचे 1 लाख 2 हजार.

मामा: म्हणजे पेट्रोल आणि डिझेलमध्ये 57 हजारांचा फरक. आणि टोल?

भाची: एप्रिल 2023 पासून कारला एका बाजूचे 320. जाऊन-येऊन 640. वर्षाचे 92 हजार.

मामा: तो तीन हजारांचा वार्षिक पास निघालाय ना, दोनशे फेऱ्यांचा?

भाची: 15 ऑगस्ट 2025 पासून निघाला, पण तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो. हा रस्ता राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. इथे पास असला तरी पूर्ण टोल कापला जाणार.

मामा: मग पेट्रोलची घेतलीस तर इंधन आणि टोल मिळून वर्षाला 2 लाख 68 हजार. दोन वर्षांत तुझ्या गाडीची किंमत त्या रस्त्यावर गेली. गाडीचा भाव एकदाच द्यायचा असतो, रस्त्याचा रोज. लोक एजंटशी दहा हजारांसाठी दोन तास घासाघीस करतात आणि रोज किती जाणार, ते कागदावर मांडतच नाहीत.

इथवर मामांची सरशी. पण हिशेब मांडणाऱ्या माणसाला पंपापलीकडचं दिसतं.

भाची: डिझेल पंपावर स्वस्त पडतं, मान्य. टर्बो किंवा इंजेक्टर गेले की बिल पाच आकडी येतं, ते तुम्ही धरलं नाही. शिवाय तळोजा मुंबई महानगर प्रदेशात येतं. उच्च न्यायालयाने प्रदूषणाची दखल घेतल्यावर जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या काढून फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक ठेवता येतील का, हे बघायला. दिल्लीत दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने 2015 मध्येच बंदी घातली होती. 2018 ची डिझेल मी 2029 ला कुणाच्या गळ्यात मारू?

मामा: समिती नेमली म्हणजे बंदी आली नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. पण तुझा मुद्दा टाकण्यासारखा नाही. एवढ्या रनिंगची गाडी विकायच्या हिशेबाने घ्यायचीच नसते, वापरून संपवायची असते. वर्षाला 57 हजार म्हणजे पाच वर्षांत 2 लाख 85 हजार वाचतात. एक टर्बो आणि चार इंजेक्टर त्यात आरामात बसतात. चार वर्षांनी चांगल्या भावात विकायची असेल, तर डिझेलच्या वाटेला जाऊ नकोस.

भाची: आणि 2020 नंतरची बीएस-6 डिझेल? तिच्यातला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरतो म्हणतात.

मामा: गावातल्या गावात फिरणाऱ्याचा भरतो. ती काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, आणि दूध-भाजी आणायच्या फेरीत तो तापत नाही. शंभर किलोमीटर एका दमात जाणाऱ्याची काजळी वाटेतच जळून जाते. तुझ्या रस्त्याला बीएस-6 ची अडचण नाही, तिच्या किमतीची आहे. आणि पेट्रोलचं म्हणशील, तर आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेजही थोडं पडतं. तुझे 17 चे 16 धर.

भाची: मग सीएनजी घेते. डिझेलपेक्षाही 17 हजार वाचतात.

मामा: 1.2 लिटरच्या मारुतीला पेट्रोलवर 113 न्यूटन-मीटर टॉर्क, गॅसवर त्याहून कमी. डिझायर डिझेलला 190, आणि तोही दोन हजार आरपीएमला. खोपोलीहून वर चढताना पुढे कंटेनर, मागे कंटेनर असतात, तेव्हा हा फरक पायाला कळतो. गॅसची गाडी तिसऱ्यावर घेशील, मग दुसऱ्यावर, आणि कंटेनरच्या मागेच राहशील. वर डिकी सिलिंडरने भरलेली, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट आणि पंपावरची रांग.

भाची: रांगेचं पटलं. पण घाटात कारला मर्यादाच साठची आहे, सपाटीला शंभरची. 2024 पासून कॅमेरे लागलेत, चलन थेट मोबाइलवर येतं. मला कुठे शर्यत जिंकायची आहे?

मामा: शर्यत नाही गं. चढाला साठ गाठायलाच टॉर्क लागतो. ज्या गाडीला दम लागतो, तिचा ड्रायव्हर नको त्या जागी लेन बदलतो. घाटातले निम्मे घोळ तिथे होतात.

भाची: बरं, मग तुमचा सगळाच हिशेब मोडणारी गोष्ट सांगते. ऑगस्ट 2025 पासून राज्याने इलेक्ट्रिक कारना या रस्त्यावर टोल माफ केलाय. म्हणजे 92 हजार जागेवर वाचले. विजेचा खर्च वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास. तुमच्या डिझेलच्या 2 लाख 11 हजारांसमोर पन्नास हजार.

मामा: आकडा तगडा आहे. आता गाडीकडे बघ. नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये आली. 30.2 किलोवॉट-अवरची बॅटरी, कागदावर 312 किलोमीटर. शंभरचा वेग, एसी आणि घाट धरला तर दोनशेच्या आत. तुझं जाणं-येणंच दोनशे. सकाळी उतरताना थोडी बॅटरी परत भरते, पण संध्याकाळी चढताना त्याहून जास्त खाते. तळोज्याला चार्जिंग मिळालंच पाहिजे, आणि घरीही.

भाची: कंपनीत पॉइंट आहे. सोसायटीतला ठराव सर्वसाधारण सभेत अडकलाय. एका गृहस्थांना भीती वाटते की चार्जरमुळे लिफ्ट बंद पडेल.

मामा: मग तो ठराव सुटेपर्यंत इलेक्ट्रिकचं नाव काढू नकोस. बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर. 2020 ची घेतलीस तर 2028 ला संपली. पुढचा भार तुझ्यावर. शिवाय चांगली गाडी पाच लाखांत बसणं अवघड. टोलमाफी हे सरकारी धोरण आहे, आज आहे म्हणून तुझी गाडी संपेपर्यंत राहीलच असं नाही. माफी असूनही फास्टॅगमधून पैसे कापल्याच्या तक्रारी झाल्याच ना?

भाची: म्हणजे माझी पुढची गाडी इलेक्ट्रिक.

मामा: पुढची. ही नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांची चर्चा बहुतेक वेळा इंधनावर सुरू होऊन इंधनावरच संपते. या घरात ती पुढे गेली. मामांना खरी माघार घ्यावी लागली ती इथे.

भाची: टॉर्क किती ते सांगितलंत, सुरक्षेचे तारे किती ते सांगितलं नाहीत. 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत डिझायरच्या भावंडाला, स्विफ्टला, दोन तारे मिळाले. त्याच वर्षी नेक्सॉनला पाच. भारतात बनलेल्या गाडीला पाच तारे मिळण्याची ती पहिली वेळ. मी आठवड्यातून तीन दिवस ट्रकच्या रांगांमधून शंभरने जाणार. माझा पहिला प्रश्न तोच असणार.

मामा: आम्ही जन्मभर एअरबॅगशिवाय गाड्या चालवल्या.

भाची: चालवल्यात, पण त्या साठने चालणाऱ्या. माझी अट साधी आहे. एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं. जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज आणि वेगाचा इशारा. जानेवारी 2022 पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग. म्हणून जुलै 2019 च्या आधीची गाडी मी बघणारच नाही. सोन्यासारखी जपलेली असली तरी. आणि नंतरची असली तरी दोन एअरबॅगवालीच.

मामा: हे तुझं बरोबर. पावसाळ्यात घाटात धुकं उतरतं, रस्ता ओला, पुढचा ट्रक अचानक दिवे लावून थांबतो. तिथे एबीएस नसलेल्या गाडीत माझ्या भाचीला मी बसवणार नाही. मग डिझेल आणि पाच तारे दोन्ही धरून शोध. 2019 च्या शेवटची नेक्सॉन डिझेल बघ. 1.5 चं इंजिन, 260 न्यूटन-मीटर, सहा गिअर. शंभरला सहाव्या गिअरमध्ये इंजिन शांत राहतं, कान आणि कंबर दोन्ही वाचतात. नाहीतर महिंद्राची एक्सयूव्ही 300. तिलाही 2020 मध्ये पाच तारे मिळाले. पाच लाखांत जास्त चाललेलीच मिळेल.

भाची: म्हणजे पुन्हा माझा प्रश्न. आकडा खरा कशावरून?

मामा: चल, दाखवतो. बैल घेताना दात बघतात, गाडी घेताना टायर बघायचे.

जुन्या गाड्यांच्या एका आवारात पांढरी नेक्सॉन उभी होती. 2019 ची, मीटरवर 41 हजार. एजंट डॅशबोर्ड पुसत होता. मामा सरळ पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवत चार आकड्यांवर थांबले: 2322. म्हणजे 2022 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. चारही चाकांवर 2022. मग त्यांनी डिकी उघडायला लावली आणि स्टेपनी बघितली: 1119. ती गाडीबरोबर आलेली.

मामा: पहिले टायर गेले, हे दुसरे. आणि हेही बघ, खाचेतल्या खुणेपर्यंत घासलेत. साधारण चाळीस हजारांना एक जोड जातो. मीटर 41 सांगतो, टायर ऐंशी सांगतात. ब्रेकच्या पेडलचं रबर बघ, मधोमध गुळगुळीत झालंय.

एजंट म्हणाला, मालकाला टायर बदलायची हौस होती. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला आणि आतल्या बाजूने चाचपला. 2019 ला सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, 2021 ला चिपळूण. पाण्यात बसलेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण पट्ट्याच्या आत दडलेल्या भागावरची गाळाची रेघ सहसा कुणी धूत नाही. या गाडीचा पट्टा स्वच्छ होता. बोनेटखालच्या बोल्टचा रंग मात्र पान्याने उडालेला. म्हणजे मडगार्ड कधीतरी काढून बसवलेलं.

तोवर भाचीने आपलं काम केलं होतं. परिवहन खात्याच्या ॲपवर मालक तिसरा निघाला, बँकेचा बोजा अजून उतरलेला नव्हता आणि दोन चलनं थकलेली होती. ऐंशी हजार झालेली गाडी वाईट नसते. 41 हजार म्हणून विकली जाणारी वाईट असते. दोघांनी ती सोडली.

पुढच्या गाडीला काय करायचं, हे तिथल्या तिथे ठरलं. इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीचे दोष झाकले जातात. सुरू होताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चौथ्या गिअरमध्ये पाय दिला, आरपीएम वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपली. ऐंशीला स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग. ब्रेक मारताना थरथरलं तर डिस्क. उतारावर न्यूट्रल न करता गिअरमध्ये उतरायचं आणि ब्रेक गाडीला एका बाजूला ओढतो का, ते बघायचं. कंपनीच्या वर्कशॉपमधून चॅसी नंबरवर सर्व्हिसची नोंद काढायची. त्यातले किलोमीटर दरवर्षी चढत गेलेत का, ते तपासायचं.

कागदांची यादी भाचीची. मालकी बदलासाठी फॉर्म 29 आणि 30. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि आपल्याकडचा रोड टॅक्स हिशेबात धरायचा. दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते, ते तिथे कळतं. मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. जुना फास्टॅग बंद करून आपल्या नावाचा लावायचा.

मामा: आणि पाचातले पन्नास हजार बाजूला ठेव. घेतल्याच्या आठवड्यातच सगळी ऑइलं, ब्रेक पॅड, बॅटरी आणि गरज असेल तर चारही टायर. टायमिंग बेल्ट असेल तर तोही. जुन्या मालकाने कधी बदलला, ते विचारत बसू नकोस. बदल.

भाची: म्हणजे गाडी साडेचार लाखांची.

मामा: साडेचारचीच. पाच लाख आहेत म्हणून पाच लाखांची घेणारा माणूस पहिल्या महिन्यातच उधारीवर येतो.

दोघांचं म्हणणं ऐकून निष्कर्ष काढायचा तर तो असा. महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या वर महामार्ग असेल आणि गाडी वापरून संपवायची तयारी असेल, तर डिझेल. हजाराच्या आत असेल, तर पेट्रोल घ्या आणि निवांत राहा. घाट नसलेल्या रस्त्याला कंपनीने बसवलेली सीएनजी चांगली. दोन्ही टोकांना चार्जिंग असेल आणि खिसा थोडा सैल असेल, तर आज या रस्त्यावर इलेक्ट्रिकला तोड नाही. यातली कुठलीही घेतलीत तरी ती जुलै 2019 नंतरची आणि दोन एअरबॅगची असावी. आणि पैसे देण्यापूर्वी एसी लावून, चार माणसं बसवून ती एकदा बोरघाटातून खोपोलीपर्यंत उतरवून पुन्हा वर चढवून आणा. विकणारा त्याला तयार नसेल, तर ती गाडी घेऊ नका.